स्वरांची काटकसर

जुन्या मैफलींच्या ध्वनिफिती संगणकावर उतरवून घेण्याचे काम आज अनेक संगीतप्रेमी आणि संगीत मंडळे हौसेने करीत आहेत. फिती जीर्ण होत आहेत, त्या वाजविणारी यंत्रे दुर्मीळ झाली आहेत. तेव्हा हा उद्योग स्तुत्यच होय. परंतु एवढी धडपड करून ध्वनी अखेरीस एमपी-३ या स्वरूपात साठवायचा आणि मूळ फीत टाकून द्यायची, हे जतन नव्हे. ठेव्याचा एक भाग आपण त्यात कायमचा गमावतो.

१९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात ध्वनीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत नोंदली जाते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो आणि तो टिपण्यास दुपटीहून अधिक मोजण्या लागतात. या गणितावरच तो आकडा बेतलेला आहे. या हिशेबाने तासाभराच्या संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते.

१९९० च्या दशकात एवढी जागा परवडणारी नव्हती. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून एमपी-३ घडले, त्याचे प्रयोजन हेच. मोठ्या नादाआड लहान नाद झाकला जातो. मग जे कानाला जाणवणार नाही ते गाळून टाकावे, असे हे तत्त्व. सेकंदाला १२८ हजार बिटांच्या प्रतीत मूळ आकार अकरा पटींनी घटतो. दूरध्वनीच्या तारेवरून संगीत पाठविण्याच्या त्या दिवसांत ही युक्ती वरदानच ठरली. मात्र गाळलेले पुन्हा मिळत नाही.

याला पर्याय नाही असे नाही. जॉश कोल्सन यांनी २००१ साली सादर केलेले फ्लॅक हे स्वरूप काहीच गाळीत नाही. आधीच्या मोजण्यांवरून पुढची किती असेल याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षातील फरक तेवढा लिहून ठेवायचा, ही त्याची रीत. जागा बहुधा निम्म्याच्या आसपास लागते आणि उलगडल्यावर मूळ ध्वनी बिटागणिक परत मिळतो. त्याला शुल्क नाही, आणि त्याचा तपशील सर्वांना खुला आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. चांगल्या दर्जाची एमपी-३ प्रत आणि मूळ मुद्रण यांतला फरक बहुतेक श्रोत्यांना ओळखता येत नाही. मग हा खटाटोप कशाला? आक्षेपातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. १,९२,००० मोजण्यांच्या फायली आणि महागड्या तारा यांचे स्तोम माजविणाऱ्यांच्या नादी सामान्य श्रोत्याने लागू नये, हेही आम्ही म्हणू. परंतु ऐकण्याची प्रत वेगळी आणि जपण्याची प्रत वेगळी. जपलेल्या प्रतीवर पुढे संस्कार होणार, तिच्यावरून नव्या प्रती निघणार. गाळलेल्यातून पुन्हा गाळले की दर फेरीला तूट वाढते. हलक्या दर्जाच्या प्रतीत तबल्याच्या ठोक्याआधीच त्याचा पुसट आवाज पसरतो. अशी फाइल नंतर फ्लॅकमध्ये बदलली तरी आकार तेवढा वाढतो, नाद नव्हे.

ध्वनी स्वच्छ करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीही सावधगिरी हवी. एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला ते खरखर समजते; आपल्या संगीतात तर तंबोरा अखंड चालू असतो. फितीची खरखर काढण्याच्या नादात तंबोऱ्याची आसही पुसली जाऊ शकते. म्हणून पहिली प्रत जशीच्या तशी, शक्य तर २४ बिटांत घ्यावी; साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

आज एक टेराबाइटच्या साठवणीत न आकसलेल्या संगीताचेही दीड हजारांहून अधिक तास मावतात. तेव्हा जागेची सबब उरलेली नाही. संगीत मंडळांनी, महाविद्यालयांनी आणि खासगी संग्राहकांनी मूळ फीत सांभाळून फ्लॅकच्या निदान दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. वाटण्यासाठी एमपी-३ खुशाल करावे. अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांनी त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचविला. ती मर्यादा यंत्राची होती. आपल्या हातून जे गळेल, त्याचा दोष मात्र यंत्रावर टाकता येणार नाही.