पेन्सिलीने लिहिलेला अर्ज

१९६१ साली अमेरिकेतील फ्लोरिडात क्लॅरन्स गिडियन यास बिलियर्डचा अड्डा फोडल्याबद्दल ५ वर्षांची शिक्षा झाली. तो निर्धन होता. सरकारी खर्चाने वकील देण्याची त्याची विनंती न्यायालयाने नाकारली होती. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे पाठविला. १९६३ मध्ये ती शिक्षा एकमताने रद्द झाली. फेरसुनावणीत वकील मिळाला आणि गिडियन निर्दोष सुटला.

एकाच बाजूच्या नोंदींवर ताळेबंद जुळत नाही, हे बँकेत आम्ही जन्मभर अनुभवले. न्यायाचेही तसेच आहे. आपल्याकडे दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. कैद्याला ते तुरुंगाधिकाऱ्यामार्फत पाठविता येते, वकीलही विनामूल्य मिळतो. वाचकहो, ज्यास हे ठाऊक नाही, त्यास मुदत संपण्यापूर्वी अवश्य सांगावे.