प्रल्हाद शिंदे अजून पुरते ऐकलेच नाहीत

मराठीतले मोठे गायक कोण, अशी यादी कुणालाही करायला सांगा. बाबूजी येतील, वसंतराव येतील, भीमसेनजी, माणिकताई, अरुण दाते... यादी लांबत जाईल. पंधरावं-विसावं नाव झालं तरी प्रल्हाद शिंदे येणार नाहीत. मग त्याच माणसाला विचारा, की बाबा रे, तुमच्याकडे सत्यनारायणाला कुठली कॅसेट लागायची? गणपतीच्या मांडवात सकाळी सकाळी कुणाचा आवाज असायचा? आषाढीला? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच गळा. ह्याचं मला कित्येक वर्षं नवल वाटत आलंय, आणि खरं सांगायचं तर रागही येतो. म्हणून आज त्यावरच.

आधी थोडी माहिती, कारण घरातली नातवंडंही हे वाचतात. (त्यांना ते आदर्श शिंदेचे आजोबा म्हणून माहीत. असू दे, तसं तर तसं.) प्रल्हाद भगवानराव शिंदे, जन्म १९३३ चा. घराणं मंगळवेढ्याचं, म्हणजे चोखोबांच्या गावचं. मुंबईत इस्माईल आझाद कव्वालांच्या पार्टीत ते मागच्या कोरसमध्ये गायचे. हे आझाद म्हणजे १९५८ च्या 'अल हिलाल' सिनेमातल्या कव्वालीने देशभर गाजलेले. पुढे प्रल्हाद शिंद्यांची स्वतःची कव्वाली, मग एचएमव्हीच्या तबकड्या, मग कॅसेटी. आनंद आणि मिलिंद ही मुलं पुढे आपापल्या जागी प्रसिद्ध झालीच. प्रल्हाद शिंदे गेले २३ जून २००४ ला. त्याआधी सव्वा महिना, १५ मे ला, वामनदादा कर्डक गेले होते. एका उन्हाळ्यात दोन माणसं गेली आणि आंबेडकरी गाण्याचं अंगण ओकंबोकं झालं.

आता माझा मुद्दा. प्रल्हाद शिंद्यांना ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. पण ऐकलंय ते वाटे करून. वारकऱ्यांनी विठ्ठलाची गाणी उचलली, मांडववाल्यांनी गणपतीची, वस्तीने भीमगीतं, आणि उरलेली कव्वाली शौकिनांनी. प्रत्येकाने आपापला वाटा घरी नेला आणि बाकीचा माणूस आपला नव्हेच असं धरलं. चारही वाटे एका जागी ठेवून, हा एकच गायक आहे असं समजून ऐकणारे फार थोडे. त्यामुळे त्यांचं माप कधी झालंच नाही. माझ्या कपाटात मराठी गाण्यांवरची तीन पुस्तकं आहेत, चांगल्या जाणकारांनी लिहिलेली. तिन्ही चाळली. एकात नुसतं नाव आहे, ते सुद्धा 'लोकप्रिय' ह्या शब्दाच्या कुबडीवर. लोकप्रिय म्हणजे काय हे मराठी शिकवणारीला सांगायला नको. पाहुण्याला ओटीवर बसवून चहा देतात, माजघरात नेत नाहीत, त्यातला प्रकार.

आम्ही खुलताबादचे. आमच्याकडे कान वेगळे घडतात असं मी नेहमी म्हणते. जर जरी जर बक्ष यांच्या उरुसात रात्र रात्र कव्वाली चालते, आणि गच्चीवर झोपलेल्या माणसाला ती आपोआप ऐकू येते, तिकीट लागत नाही. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला माणसं रात्रभर चालत येतात, तेव्हा नारळ-रुईच्या दुकानांवरून गाणी सुरू. लहानपणापासून दोन्ही कानात पडलेलं, म्हणून प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं गाणं ऐकताना मला पहिल्यांदा काय जाणवलं असेल, तर त्यातली कव्वाली. 'पाऊले चालती पंढरीची वाट' नीट ऐका. गीत दत्ता पाटलांचं, संगीत मधुकर पाठकांचं. शब्द वारकऱ्याचे, टाळ वारकऱ्याचे, पण गाण्याची उठावणी बघा. भजनी बुवा हळूहळू तापतो. हे गृहस्थ पहिल्याच शब्दाला पूर्ण गळा उघडतात, दूर उभ्या माणसाला हाक मारावी तसे. मागची मंडळी ओळ उचलतात, आणि हे परत येतात ते वरून येतात. कोरसमध्ये उभं राहून काढलेली ती वर्षं अशी कुठे जात नाहीत.

आवाजाबद्दल लोक म्हणतात, रांगडा आहे, कसलेला नाही. हे मला अजिबात पटत नाही. आपण चांगला आवाज म्हणतो तो बराचसा मायक्रोफोनने घडवलेला आहे. भावगीत हे घरातल्या रेडिओसाठी जन्मलं. गायक माइकच्या कानात कुजबुजतो आणि तो आवाज आपल्या खोलीत येतो. फार सुंदर कला आहे ती, मीही त्यावरच वाढले. पण तोच आवाज मांडवातल्या कर्ण्यावर लावून बघा. कर्ण्याला खर्ज झेपत नाही, नाजूक हरकती तो गिळून टाकतो, उरतो तो नुसता गलका. प्रल्हाद शिंद्यांचा गळा तयार झाला उघड्या मैदानात, टाळ्यांच्या कडकडाटावर चढून गाण्यासाठी. तो आवाज बारीक नाही आणि जडही नाही, बरोबर त्या पट्टीत बसतो जिथे कर्णा सगळ्यात स्पष्ट बोलतो. शब्दन् शब्द कळतो, कोसभर अंतरावरून. उच्चार बघा त्यांचे! जोडाक्षर कधी खाल्लेलं सापडणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत होते, मला त्याची किंमत कळते. मुलांना प्रमाण उच्चार शिकवायला आम्ही रेडिओवरच्या बातम्या ऐकायला सांगायचो, ही गाणी सांगितली असती तरी चाललं असतं.

हे झालं गाण्याचं. पण मी हे लिहायला बसले त्याचं कारण नुसतं गाणं नाही.

ऐंशीच्या दशकात मी आमच्याच भागातल्या एका गावी नोकरीला होते. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून आहेत आणि माझ्याशी चांगली वागली आहेत. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, ते आठवणीतून गेलं नव्हतं. (नामांतर व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडला, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.) त्या दिवसांत कुठल्या गावात कुठलं गाणं कर्ण्यावर लागतंय ह्याला अर्थ असायचा. तर भाद्रपदात गावच्या गणपतीपुढे दहा दिवस प्रल्हाद शिंदे वाजले. देवळाच्या कळसाला बांधलेल्या कर्ण्यावरून. पुढच्या चौदा एप्रिलला वस्तीतल्या पोरांनी जयंतीची मिरवणूक काढली, बैलगाडीवर कर्णा बांधला आणि कॅसेट लावली. ती सुद्धा प्रल्हाद शिंद्यांची. मिरवणूक वेशीपर्यंत आली आणि चार मोठ्या माणसांनी ती अडवली. गाणं बंद करा, मग पुढे जा. पोरं तासभर उन्हात उभी राहिली आणि मागे वळली.

दुसऱ्या दिवशी त्या चारांतले एक जण मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत आले. मी विचारलं, काका, गणपतीला तोच माणूस गात होता की. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आवाज तोच असंल. गाणं दुसरं हाय ना."

ह्यापुढे मी काही बोलले नाही, कारण त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने चोख होतं. त्यांना गळा हवा होता, गळ्याचा मालक नको होता. आणि मला वाटतं, पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही थोड्या सभ्यपणे हेच केलं.

'बाप्पा मोरया रे' मधल्या गाण्याचंच घ्या. महाराष्ट्रात गणेशोत्सव त्याच्याशिवाय होत नाही. ते लिहिलं हरेंद्र जाधवांनी. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे, पेशाने शिक्षक (म्हणून मला जरा जास्त जवळचे), आणि बाबासाहेबांवर कितीतरी गाणी लिहिणारे. २०२२ मध्ये गेले. लिहिणारा आंबेडकरी, गाणारा आंबेडकरी, आणि नाचतंय सगळं गाव. आरतीनंतर किती जणांना ही दोन नावं माहीत असतात?

दुसऱ्या बाजूनेही प्रश्न येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, विहारात नियमाने जाणारे, मला म्हणाले होते, "ताई, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातल्या माणसाने गणपती गायचा कशाला?" प्रश्न रास्त आहे. १९५६ साली नागपूरला जे झालं ते काही लुटुपुटूचं नव्हतं. पण मला असं वाटतं की गाणं हा त्यांचा धंदा होता, आणि गिऱ्हाईक देव मागत होतं. सुतार देवळाचा दरवाजा करतो तेव्हा त्याची श्रद्धा आपण तपासत नाही, दरवाजा चौकटीत बसतो का ते बघतो. आणि पंढरीचं म्हणाल तर, साने गुरुजींनी १९४७ ला पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा हा मुलगा तेराचौदा वर्षांचा असेल. ज्या देवळाची पायरी आपल्या माणसांना बंद होती त्या देवळाच्या वाटेचं गाणं अख्ख्या महाराष्ट्राने आपल्या तोंडून शिकावं, ह्यात कुठेतरी हिशेब चुकता झाल्यासारखंही मला वाटतं. हे माझं मत. त्या गृहस्थांना ते पटलं नाही, चहा मात्र घेतला.

भाचा टेक्सासला असतो. तो मध्यंतरी सांगत होता की तिकडेही सत्तरच्या दशकात वेलन जेनिंग्स, विली नेल्सन वगैरे गायक निघाले, नॅशव्हिलच्या कंपन्यांच्या शिस्तीला कंटाळलेले. आपली गाणी, आपले वादक आपण निवडणार म्हणाले. त्यांना 'आउटलॉ' म्हणजे कायद्याबाहेरचे म्हणायला लागले, आणि १९७६ मध्ये त्याच नावाने काढलेली तबकडी दहा लाखांवर खपली. मावशी, तुझे प्रल्हाद शिंदे तसलेच, म्हणाला. मी म्हटलं, तसले कसे रे? त्यांनी आपणहून घर सोडलं आणि बाहेर जाऊन टोपी घातली. ह्यांना मुळात आत कुणी बोलावलंच नव्हतं. पण गाणी पाठवलीस ती छान आहेत, गळा मोकळा आहे त्या माणसांचा.

आता सगळंच उत्तम आहे असं म्हणणार नाही, नाहीतर धाकटी बहीण लगेच फोन करील. कॅसेटचा धंदा तेजीत आला तेव्हा बरंच काही घाईत भरलं गेलं. मागे की-बोर्डचा एकसुरी ठेका, चाल आधीच्या गाण्याची, शब्द नुसते यमकाला धरून. असल्या चारपाच कॅसेटी मीच कुणाकुणाला देऊन टाकल्या. सवाल-जवाबाच्या कव्वालीत काही ठिकाणी बायकांवरचे विनोद आहेत, तेही मला रुचत नाहीत. पण एवढं गाळूनसुद्धा जे उरतं ते कुठल्याही मोठ्या गायकाच्या शेजारी ठेवावं असं आहे. 'ऐका सत्यनारायणाची कथा' ह्या ध्वनिमुद्रणात तर निव्वळ कथा सांगणं आहे, त्यात गळा दाखवायला जागाच नाही, आणि तरी माणूस पोथी संपेपर्यंत उठत नाही. कथेकरी म्हणून त्यांच्याविषयी वेगळा लेख होईल, पण ते पुन्हा कधी.

तुम्हाला एक सुचवते, करून बघा. आता सगळं मोबाइलवर मिळतं. एका संध्याकाळी आधी त्यांची एखादी जुनी कव्वाली लावा, लगेच मागोमाग भीमगीत, मग पंढरीचं गाणं. मध्ये चहाला उठू नका. भीमगीतात जो ताण आहे, ज्याच्याबद्दल गातोय तो आपल्या घरचाच आहे असा, तो पुढच्या विठ्ठलाच्या गाण्यातही ऐकू येतो का ते बघा. मला येतो. आमच्या ह्यांना येत नाही, ते म्हणतात तू आधीच ठरवून ऐकतेस. तेव्हा तुम्ही न ठरवता ऐका.

आणि एक काम आहे. मोबाइलवर चढवलेल्या ह्या गाण्यांखाली बहुतेक ठिकाणी गीतकाराचं नाव नसतं, कुठे कुठे संगीतकाराचंही नसतं. जुन्या तबकड्यांच्या पाकिटावर ते छापलेलं असायचं. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर एचएमव्हीची अशी छोटी तबकडी पाकिटासकट पडली असेल तर मागच्या बाजूचा फोटो काढून पाठवा. मी एका वहीत उतरवून ठेवतेय. आतापर्यंत एकोणीस गाणी झाली आहेत, भीमगीतांचं पान जवळपास कोरं आहे.