आमची भिंत आणि बेटावरचा पाहुणा

घराला कंपाउंडाची भिंत असली म्हणजे आपण कोणीतरी आहोत, असे माणसाला वाटू लागते. नायगावात घर बांधले तेव्हा मलाही तसे वाटले होते. आमच्या जागेच्या कडेने एक पावसाळी नाली जात असे. वर्षातले आठ महिने कोरडी. मी गवंड्याला म्हटले, "वरून फरशी टाक, खाली एक पाइप ठेव आणि भिंत पलीकडे सरकव." अंगण चार हात वाढले. सौभाग्यवतींनी तिथे तुळशीवृंदावन केले आणि माझ्या हुशारीचे चार लोकांत कौतुकही झाले.

२०२५ च्या ऑगस्टात त्या हुशारीची परीक्षा झाली. नांदेड जिल्ह्यावर त्या दिवसांत आभाळ फाटले होते. मुखेड तालुक्यात रातोरात पूर आला, हसनाळसारख्या गावांत पाणी घुसले, माणसे दगावली, जनावरे गेली. आमच्या गल्लीत तसा अनर्थ झाला नाही. फक्त शेजारच्या मावशींच्या घरात गुडघाभर पाणी शिरले आणि ज्वारीची पोती भिजली.

"काय करता भाऊ, पाणीच ते!" मावशी म्हणाल्या.

मी थोडी ज्वारी नेऊन दिली आणि निसर्गाच्या लहरीपणावर दोन वाक्ये बोलून परत आलो. नालीचा विषय मावशींनी काढला नाही. मी तरी कशाला काढतो!

त्यानंतर आठदहा दिवसांनी गणपती आले आणि चिरंजीवांबरोबर पुण्याहून एक पाहुणा आला. त्यांच्याच वर्गातला, मॉरिशसचा मराठी मुलगा. १८३४ पासून हिंदुस्थानातून कराराने मजूर त्या बेटावर उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. हा त्यांच्यापैकी एका घरातला. मराठी जरा अडखळत बोले, पण आरती पाठ होती. गणेशचतुर्थीला आमच्याकडे सरकारी सुट्टी असते, असे त्याने सांगताच सौभाग्यवतींनी त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढला.

मॉरिशस म्हणजे केवढे? आपल्या नांदेड जिल्ह्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. चहूकडून समुद्र, आणि उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, चक्रीवादळांचा धाक. १९६० साली 'कॅरोल' नावाच्या वादळाने तिथली लाकडापत्र्याची हजारो घरे उडवून नेली. त्यानंतर बेटाने सिमेंट-काँक्रीटची घरे बांधायला घेतली.

"आणि वादळ येणार हे कळतं कसं?" सौभाग्यवतींनी विचारले.

"त्याच्या चार पायऱ्या आहेत, काकू. पहिली सूचना मिळाली की आई पाणी भरून ठेवते, मेणबत्त्या काढते. तिसरी मिळाली की सगळ्यांनी घरात. चौथीला दारसुद्धा उघडायचं नाही. लहान मुलांनाही हे ठाऊक असतं."

मला कौतुक वाटले. आमच्याकडे लहान मुलांना एवढेच ठाऊक असते, की फार पाऊस झाला म्हणजे शाळेला सुट्टी!

पण आता तेवढ्याने भागत नाही, असे तो सांगत होता. समुद्र वर येतो आहे, किनारे झिजत आहेत, पाऊस अवेळी आणि एकदम कोसळतो. जगाच्या एकूण धुरात या बेटाचा वाटा चिमूटभरही नाही. तरी हवामानबदलाचा पॅरिस करार सह्यांसाठी खुला झाला त्या पहिल्याच दिवशी, २२ एप्रिल २०१६ ला, ज्या पंधरा देशांनी त्याला पक्की मान्यता दिली त्यांत मॉरिशस होते. २०२० साली त्यांनी हवामानबदलाचा कायदा केला. उसाच्या चिपाडावर तर ते फार पूर्वीपासून वीज काढतात.

तारीख ऐकून मी थबकलो. त्याच्या दहाच दिवस आधी, १२ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आमच्या लातूरला आली होती. एका वर्षी पाणी आगगाडीने आणायचे आणि दुसऱ्या वर्षी घरातून उपसून काढायचे, असा आमचा मराठवाडा! समुद्र शेकडो मैल दूर, म्हणून आम्ही निश्चिंत. आपल्याकडेही २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने बदलत्या हवामानात टिकेल अशी शेती व्हावी म्हणून शेततळी, ठिबक अशी कामे हाती घेतली. पण ते सरकारने करायचे आणि आपण वर्तमानपत्रात वाचायचे, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात दात घासत उभा होता. मध्येच वाकून भिंतीखाली पाहू लागला.

"काका, एवढ्या गल्लीचं पाणी या एका पाइपातून जातं?"

"जातं की!" मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

तो सहज बोलत गेला. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुई या त्यांच्या राजधानीत काही तासांत असा पाऊस झाला, की अकरा माणसे बुडून गेली. भुयारी रस्त्यात अडकलेल्यांना बाहेर पडताच आले नाही. पुढे २०१७ साली पाण्याच्या निचऱ्यासाठी त्यांनी कायद्याने वेगळे प्राधिकरणच नेमले. "तरी २०२४ च्या जानेवारीत 'बेलाल' वादळात त्याच शहरात मोटारी वाहून गेल्या, काका. कायद्याने पाणी ऐकत नाही. त्याला वाट लागते."

त्याला मावशींची हकीकत ठाऊक नव्हती. सौभाग्यवतींना होती. त्या माझ्याकडे न पाहता तुळशीला पाणी घालत राहिल्या. त्या न पाहण्याचा अर्थ मला तीस वर्षांच्या संसारामुळे चांगला कळतो.

अनंतचतुर्दशी झाली आणि मी गवंड्याला बोलावले. "वाढवायची का साहेब?" तो उत्साहाने म्हणाला. "पाडायची," मी म्हटले. त्याने मला ताप वगैरे आहे काय, अशा नजरेने पाहिले. भिंत मूळ जागी आली, फरशी निघाली, नाली पुन्हा मोकळी झाली. वृंदावन उचलून दाराशी ठेवले. बांधायला लागले होते त्याहून पाडायला थोडेच कमी पैसे लागले. मग मी मावशींकडे गेलो आणि जे ऑगस्टात बोलायला हवे होते ते बोललो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, भाऊ."

सप्टेंबरात मराठवाड्यावर पुन्हा पाऊस कोसळला. त्या रात्री आम्ही दोघे खिडकीशी बसून होतो. नाली भरून वाहत होती. थोडे पाणी आमच्या अंगणातही आले. पहाटे मी कंदील, म्हणजे बॅटरी, घेऊन मावशींच्या दाराशी गेलो.

उंबरा कोरडा होता. आत चूल पेटली होती. मावशींनी विचारले, "चहा घेता का?"