वाड्याचा पाठ

अंबडचे खंडोबाचे देऊळ आणि तेथील बारव पाहणाऱ्याच्या कानी अहिल्याबाई होळकरांचे नाव हटकून पडते. हा परगणा होळकरांचा होता. जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहाने तो त्यांच्या हातून गेला. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर मात्र घराण्याकडे राहिली. तेथील नर्मदाकाठच्या किल्ल्यातील आपल्या निवासाचा भाग रिचर्ड होळकर यांनी २००० साली एका छोट्या हॉटेलात रूपांतरित केला. ज्या ठिकाणाहून अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत राज्यकारभार पाहिला, तेथे आता पर्यटक मुक्कामाला उतरतात.

हे ऐकून साहित्याचे अभ्यासक नाक मुरडतात. आम्हीही मुरडले होते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने आम्हांस खचणारा वाडा वाचायला शिकवले. डागडुजी झालेला, खोल्यांचे भाडे घेणारा वाडा कसा वाचावा हे आम्हांस ठाऊक नाही. पडझड तेवढी खरी आणि दुरुस्ती खोटी, ही आमच्या वाचनाला जडलेली खोड आहे.

वास्तविक जीर्णोद्धार हे पाठसंपादनाच्या जातीचे काम आहे. पोथीतील गळालेली अक्षरे संपादक आपल्या पदरची भरतो, तेव्हा त्याने तसे नोंदवायचे असते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवणे म्हणजे जुन्या ग्रंथात प्रक्षिप्त ओव्या घुसडणे होय. शिवाय सिमेंट ओल आत कोंडते आणि मूळ भिंतच पोखरते. न्हाणीघर नवे असेल, तर ते नवेच दिसावे.

दुसरी कसोटी गावाच्या वाट्याची. महेश्वरच्या किल्ल्यात अहिल्याबाईंची गादी आणि देवघर आजही कोणालाही पाहता येते. हॉटेल निघण्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी तेथील विणकरांसाठी ‘रेहवा’ ही संस्था उभी केली होती. पाहुण्यासाठी दार उघडताना गावकऱ्यासाठी ते बंद झाले नाही, तर अशा हॉटेलास आमचा आक्षेप नाही. ओस पडून ढासळण्यापेक्षा नांदते राहणे वास्तूच्या हिताचेच आहे.

आमची चिंता वेगळी आहे. अंबडच्या बारवेला भाड्याने द्यायला खोल्या नाहीत. जे कमावते तेच जपावे, असा दंडक एकदा रूढ झाला की बारवांच्या वाट्याला काहीच उरणार नाही. हाच दंडक उद्या ग्रंथालयांतील हस्तलिखितांना आणि खप नसलेल्या संपादित आवृत्त्यांना लागू होईल, आणि तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आपण गमावलेला असेल. अहिल्याबाईंनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या परताव्याच्या हिशेबाने नव्हे. हॉटेलाने वाडा जरूर वाचवावा. बारव वाचवण्याचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीतूनच झाला पाहिजे, आणि तो मागण्याचे काम आपले आहे.