विश्लेषण : जीपीएस फसले तर दिशा कोण दाखवणार? तांदळाएवढ्या जायरोस्कोपची अडचण काय?

नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा आल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले. अशा वेळी बाहेरच्या संकेताशिवाय दिशा राखण्याचे काम विमानातला जायरोस्कोप करतो. तो चिपवर बसवता आला तर लहान ड्रोनलाही हा आधार मिळेल.

फोनमध्ये जायरो असतोच ना?

असतो. गेममध्ये फोन वळवला की गाडी वळते ती त्यामुळेच. पण त्यातल्या थरथरत्या सिलिकॉनच्या भागाची चूक साचत जाते. दिशा १ अंशाने चुकली तरी १०० किलोमीटरनंतर विमान पावणेदोन किलोमीटर बाजूला गेलेले असते.

प्रकाशाने काय साधते?

एकाच वेटोळ्यात दोन किरण उलटसुलट दिशांनी सोडतात. वेटोळे फिरत असेल तर एका किरणाला किंचित जास्त अंतर कापावे लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज सान्याक यांनी १९१३ मध्ये हे दाखवले. वेटोळ्याचे क्षेत्रफळ जास्त, तर फरकही जास्त. म्हणून फायबर जायरोत शेकडो मीटर फायबर गुंडाळलेली असते. चिपवर एवढी जागा कुठली? तिथे संकेत इतका क्षीण होतो की तापमानातला किरकोळ चढउतारही त्याला गिळतो.

मग तोडगा?

२०१८ मध्ये कॅलटेकमधील अली हाजीमिरी यांच्या चमूने हा गोंगाट चक्क वजा केला. तराजूत खोट असल्याची शंका आली की आपण पारडी बदलून वजन करतो, तसेच. किरणांच्या दिशांची अदलाबदल केली की फिरण्याचा संकेत उलटा होतो, तापमानाची खोट मात्र तशीच राहते. दोन्ही मापे वजा केली की खोट जाते, संकेत उरतो. अट एकच, तापमान बदलण्याआधी अदलाबदल व्हायला हवी.

ही चिप २ चौरस मिलिमीटरची, तेव्हाच्या उत्तम उपकरणांपेक्षा ५०० पट लहान. बातम्यांत हाच आकडा गाजला. खरी कमाई त्या वजाबाकीची आहे.

विमानात कधी?

२०२० मध्ये कॅलटेकच्याच केरी वहाला यांच्या चमूने ३६ मिलिमीटरच्या काचेच्या चकतीत लेसर फिरवून पृथ्वीचे फिरणे मोजले. ते तासाला १५ अंश असते. विमानाच्या दिशादर्शनाला मात्र तासाला साधारण ०.०१ अंशाइतकी अचूकता लागते.