टेंडर निघण्याआधीचे काम

निविदा प्रसिद्ध झाली की छोट्या ठेकेदाराची धावपळ सुरू होते. सीएकडून उलाढालीचा दाखला, बँकेकडून ऐपतदारीचा दाखला, विभागीय कार्यालयातून जुन्या कामाचा दाखला. मुदत यातच सरते. साइट पाहायला, अटी वाचायला आणि दर काढायला शेवटची रात्र उरते. ज्यावर काम मिळणे न मिळणे ठरते, त्यालाच वेळ मिळत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की, टेंडरची फाइल टेंडर निघण्याआधी तयार असली पाहिजे आणि ती तयार ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

सगळ्यात मोलाचा कागद अनुभवाच्या दाखल्याचा. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये बांधकामांच्या पात्रतेसाठी एक मोजमाप सुचवले. गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक, अशी त्याच प्रकारची कामे पूर्ण केलेली असावीत. म्हणजे एक कोटीच्या कामासाठी चाळीस लाखांची तीन कामे पुरतात. अनेक निविदांत आजही याच धर्तीच्या अटी दिसतात. पण सहा वर्षांपूर्वी झालेल्या कामाचा दाखला आज मागायला गेलात, तर तेव्हाचे कार्यकारी अभियंता बदलून गेलेले असतात आणि मोजमाप पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे कोणी सांगत नाही. पूल उभा असतो, त्यावरून एसटी जाते, पण कागदावर तुमचा अनुभव शून्य. म्हणून अंतिम देयकाबरोबरच दाखला मागून घ्यावा. त्यात कामाचे नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक, सुरुवातीची आणि पूर्ण झाल्याची तारीख, झालेल्या कामाची रक्कम आणि कामाचा प्रकार स्पष्ट हवा. ‘काम समाधानकारक’ एवढ्या एका ओळीवर पात्रता ठरत नाही.

बाकीचे कागद विषयवार लावण्यापेक्षा त्यांच्या आयुष्यानुसार लावावेत. पहिला गट सहसा न बदलणाऱ्यांचा : पॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, भागीदारीपत्र. सगळीकडे नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा आहे ना, हे एकदा बसून तपासावे. केंद्रीय खात्यांच्या वस्तू आणि सेवा खरेदीत सूक्ष्म-लघु उद्योगांना बयाणा रकमेतून सूट मिळते, ती उद्यम नोंदणीच्याच आधारावर.

दुसरा गट मुदतीच्या कागदांचा : ठेकेदार नोंदणी, ऐपतदारी, विमा, डिजिटल सही. प्रत्येक फाइलच्या नावातच मुदत संपण्याची तारीख लिहावी आणि महिनाभर आधी नूतनीकरणाला लागावे. उलाढालीचा दाखलाही याच गटात धरावा, कारण आर्थिक वर्ष उलटले की तो जुना होतो. सीएच्या दाखल्यांवर २०१९ पासून यूडीआयएन क्रमांक बंधनकारक आहे आणि तो खरा की खोटा, हे कार्यालयाला ऑनलाइन पाहता येते.

तिसरा गट दर वेळी नव्याने लिहायच्या कागदांचा : प्रतिज्ञापत्र, हातातील कामांची यादी, यंत्रसामग्री, कामाची पद्धत. इथे मागच्या टेंडरची भरलेली फाइल उघडून नाव बदलणे सर्वांत घातक. एका जिल्हा परिषदेच्या निविदेत दुसऱ्या नगरपालिकेचे नाव राहून जाते. हातातील कामांच्या यादीवर ठेकेदाराची निविदा क्षमता मोजली जाते, त्यामुळे जुनी यादी चुकीची माहिती ठरते. याला उपाय एकच. कोरा नमुना वेगळा जपून ठेवावा आणि दर वेळी तिथूनच सुरुवात करावी.

महाटेंडर्ससारख्या एनआयसीच्या प्रणालीवर नेहमीचे कागद एकदाच चढवून पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी ‘माय स्पेस’ ही जागा आहे. सोय चांगली आहे, पण मुदत संपलेला दाखला तिथून कोणी काढून टाकत नाही. ते आपणच करायचे.

शेवटचा मुद्दा ताब्याचा. अनेक गावांत डिजिटल सहीचे टोकन, पासवर्ड आणि सगळे स्कॅन केलेले कागद ऑनलाइन सेंटरवाल्याकडेच असतात. तोच माणूस त्याच कामासाठी तुमच्या स्पर्धकाचेही टेंडर भरत असतो. टायपिंग त्याच्याकडून करून घ्या, पण टोकन आणि मूळ फोल्डर घरी ठेवा. ती सही कायद्याने तुमची आहे आणि तिच्याखाली जे जाते त्याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

खात्यांकडेही एक मागणी आहे. अंतिम देयकाबरोबर पूर्णत्वाचा दाखला ठेकेदाराने न मागता द्यावा. ज्याने काम केले त्यालाच ते सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावले, की स्पर्धेत कागद जमवण्यात तरबेज असलेले तेवढे उरतात. तांत्रिक लिफाफ्यातच चांगले कारागीर बाद झाले, तर वित्तीय लिफाफ्यात स्वस्त दर मिळण्याची शक्यताही घटते. हा तोटा शेवटी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे.