आई-बाबांना जिवंत ठेवा

नवीन कॅम्पेन ठरलं की डीएमकडे पूर्वकथा यायला लागतात. पाच खेळाडू, पाच पूर्वकथा. त्यातल्या तिघांचं गाव जळालेलं असतं, आई-बाबा मारले गेलेले असतात आणि नायक पावसात एकटाच चालू लागलेला असतो. चौथा अनाथाश्रमात वाढलेला. पाचव्याची पूर्वकथा आठ पानी, त्यामुळे त्याच्या आई-बाबांचं काय झालं हे कळायला वीकेंड लागतो :)

हा प्रकार ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात प्रत्येकजण एकेक पात्र घेतो, डीएम बाकीचं जग चालवतो आणि पुढे काय होणार ते गप्पा आणि फासे मिळून ठरवतात. खेळ सुरू होण्याआधी त्या पात्राच्या आयुष्यात जे घडलं ती त्याची बॅकस्टोरी, म्हणजे पूर्वकथा. मी बऱ्याचदा डीएमच्या खुर्चीत असतो, आणि माझं मत आता पक्कं झालंय: पूर्वकथा ही उधारीच्या वहीसारखी असावी. कोणाचं देणं बाकी, कोणाकडून येणं बाकी, एवढं कळलं तरी पुरे.

मुळात ही भानगड नव्हतीच. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला, तेव्हा पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट सहा बाजूंच्या एका फाशावर पडतील तेवढे. तलवारीचा घावही तसाच एका फाशाचा. एका फटक्यात गडी गार! अशा पात्रासाठी आठ पानं कोण लिहिणार? 1977 च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये तर पात्राची आधीची नोकरी फाशांवर ठरायची, आणि दान उलटं पडलं तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरायचं. पुढे खेळ लांबले, पात्रं वर्षानुवर्षं जगू लागली, मग त्यांना भूतकाळही हवासा वाटू लागला. हे छानच झालं. पण त्या भूतकाळाचं काम काय, हे मात्र मागे राहिलं.

आठ पानी पूर्वकथेची अडचण तिची लांबी नाही. तिच्यात सगळं होऊन गेलेलं असतं ही अडचण. सूड घेऊन झालाय, प्रेम करून झालंय, तीन युद्धं जिंकून झालीत... आणि हा महावीर पहिल्याच सेशनला गोदामातल्या उंदराकडून मार खातो. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हा डेड कोड. सुंदर लिहिलेला, पण कुठूनच कॉल न होणारा.

आणि अनाथांचं काय? लोक गाव जाळतात ते आळसापोटी नाही, भीतीपोटी. घरी बहीण आहे असं लिहिलं की तिसऱ्या सेशनला ती पळवली जाणार, हा अनुभव. यात चूक आम्हा डीएम लोकांचीच. नाती म्हणजे फक्त ओलीस ठेवायची सोय असं आपण समजतो. बहिणीने आधी दोनदा जेवायला घालावं, एखादी खबर द्यावी, घर सोडल्याबद्दल चार शिव्या द्याव्यात. मग कधीतरी ती संकटात सापडली तर खेळाडूला ती फसवणूक वाटत नाही.

कारण खरा मुद्दा निर्णयाचा आहे. सरदार म्हणतो, राजधानीत चल, जहागीर देतो. एकट्या अनाथाला ‘हो’ म्हणायला काय जातंय? पण ज्याची म्हातारी आई त्याच सरदाराने वेढलेल्या गावात आहे, तो अर्धा तास गप्प बसतो. टेबलावरचे बाकीचेही गप्प बसतात. तो अर्धा तास म्हणजेच खेळ, बाकी मग बेरीज-वजाबाकी.

आपल्याकडे याचा उत्तम नमुना म्हणजे कर्ण. नदीत सोडलेला, सूताघरी वाढलेला, गुरूचा शाप लागलेला. तीन ओळींत संपलं. पण कुंती जिवंत आहे, राधा जिवंत आहे, दुर्योधनाचे उपकार आहेत, आणि शाप नेमका ऐन युद्धात वसूल व्हायचाय. एकही ओळ वाया गेलेली नाही. कुंती आधीच वारली असती तर युद्धाआधीची ती भेट कुठून आली असती?

काही खेळांनी हे नियमांतच आणलं. 2006 च्या ‘स्पिरिट ऑफ द सेंच्युरी’त प्रत्येकजण आपल्या पात्राची एक काल्पनिक कादंबरी ठरवतो आणि मग दुसऱ्या दोघांच्या कादंबऱ्यांत पाहुणा म्हणून शिरतो. म्हणजे पहिल्या दिवशीच सगळे एकमेकांना ओळखतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीतही पात्राचे बंध आणि दोष एकेका ओळीत लिहायची सोय होती. त्या एका ओळीने माझं जेवढं काम केलंय तेवढं आठ पानांनी कधी केलं नाही.

यावर कोणी म्हणेल, अहो, लिहायला मजा येते त्याचं काय? जरूर लिहा, स्वतःसाठी पन्नास पानं लिहा. पण नोकऱ्या, ट्रॅफिक आणि घरचे कार्यक्रम सांभाळून पाच जण महिन्यातून एक रविवार काढतात. त्या चार तासांत टेबलावर काय ठेवायचं हा प्रश्न वेगळा. तिथे चार ओळी ठेवा. एक जिवंत माणूस, ज्याचं मत तुम्हाला महत्त्वाचं वाटतं. एक देणं. टेबलावरच्या दुसऱ्या पात्राशी एक जुना संबंध. आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही.

याला थोडा विश्वास लागतो. आपल्याला जपावंसं वाटणारं काहीतरी दुसऱ्या चौघांच्या हाती द्यायचं, आणि ते त्याचं काय करतील ते बघायचं. ऑफिसात असं करायची सोय फारशी नसते, म्हणून तर आपण हा खेळ खेळतो.

तेव्हा पुढच्या वेळी गाव जाळू नका. आईला न सांगता घर सोडलंत, एवढंच लिहा. पुढचं आपण टेबलावर बघू.